जुन्या मोटारसायकलीत दुसरे इंजिन : तंत्र आणि नोंदणी

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत दुचाकी ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू होय. आठवडी बाजार, आरोग्य केंद्र, तहसील कचेरी ही अंतरे एस.टी.च्या वेळापत्रकात बसतातच असे नाही. त्यामुळे जुनी गाडी मोडीत न काढता तीत दुसरे इंजिन बसवावे, हा विचार येथे स्वाभाविक ठरतो. प्रस्तुत लेखात राजदूत १७५ च्या उदाहरणाने त्याचा परामर्श घेतला आहे.

एस्कॉर्ट्सच्या या गाडीचे इंजिन १७३ घनसेंमी क्षमतेचे, टू-स्ट्रोक आहे. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. मिश्रणात ऑइल कमी पडल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका अधिकच. याउलट १९८५ मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी १०० चे इंजिन ९७.२ घनसेंमीचे, फोर-स्ट्रोक असून त्याचे ऑइल इंजिनाच्या तळाशी स्वतंत्र असते. पेट्रोलही कमी लागते. मोह होतो तो येथेच.

मात्र हे इंजिन राजदूतच्या सांगाड्यात सहज बसत नाही. त्यासाठी नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात. पुढचे व मागचे चेन-चक्र एका रेषेत नसेल तर चेन दात खाते, प्रसंगी उतरते. क्षमता जवळजवळ निम्मी झाल्याने ओढ टिकविण्यासाठी मागचे चक्र मोठे घ्यावे लागते : पुढे १४ व मागे ४२ दाते असल्यास गुणोत्तर ३, मागे ४९ केल्यास ३.५. चढ सोपा होतो, वेग घटतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फोर-स्ट्रोकला चालत नाही, आणि ६ व १२ व्होल्टची गल्लत झाली तर दिवे जातात. कुशल मिस्त्री हे सर्व जुळवितो, याविषयी दुमत नाही.

अडचण कागदाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्या तपासणीत इंजिन क्रमांक जुळला नाही, तर उत्तम चालणारी गाडीही अडकते. अपघात झाल्यास विमा कंपनी याच तफावतीवर बोट ठेवू शकते. जखमीच्या कुटुंबाला ते परवडणारे नसते.

म्हणून मूळ इंजिनाचे बोअरिंग व क्रँकची दुरुस्ती हाच मार्ग प्रथम पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते अशक्यच असेल तर त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन घ्यावे आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. भंगारातून घेतलेल्या इंजिनाची पावती, विक्रेत्याचे नाव व मूळ गाडीचा क्रमांक यांसह जपून ठेवावी. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्याकडे आले नाही, हे दाखविण्याचा तोच प्राथमिक पुरावा असतो.