सत्तर वर्षं धावलेलं इंजिन

कारंजा लाडच्या कुठल्याही आजी-आजोबांसमोर नुसतं ‘शकुंतला’ म्हणून बघा, ते लगेच गाडीच्या गोष्टी सांगायला लागतील! यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला आणि तिथून अचलपूरला पूर्वी जाणारी आपली चिमुकली रेल्वे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती उभारली. तिथून कापूस बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. आणि गंमत म्हणजे, तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच तयार झालं होतं, १९२१ साली. १९२३ पासून ते इथे धावू लागलं ते एप्रिल १९९४ पर्यंत. मग डिझेल इंजिन आलं. आपला वाशिम जिल्हा झाला १९९८ साली, म्हणजे हे इंजिन जिल्ह्याच्याही आधीचं.

विस्तव, पाणी, वाफ, धूळ आणि विदर्भातलं ऊन सोसत एखादं यंत्र सत्तर वर्षं टिकलं कसं?

आधी ते चालायचं कसं ते बघू. भट्टीत कोळसा पेटायचा. तिथली तापलेली हवा बॉयलरमधल्या नळ्यांतून जाताना भोवतीचं पाणी उकळायची. कोंडलेली वाफ सिलिंडरमध्ये घुसून दट्ट्या ढकलायची आणि दट्ट्याला जोडलेला दांडा चाकं फिरवायचा. यातला जवळजवळ प्रत्येक भाग खोलता येतो, घासता येतो, बदलता येतो. पाण्यातले क्षार बॉयलरच्या आत साचतात, म्हणून तो ठरावीक दिवसांनी धुवायचा. गळकी नळी काढून नवी बसवायची.

चाकांची युक्ती तर मला फार आवडते. रुळावर घासतो तो चाकाचा फक्त बाहेरचा पोलादी टायर. तो तापवला की फुगतो, मग चाकावर चढवतात, आणि थंड झाला की आवळून घट्ट बसतो. गावातला लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतो, अगदी तसंच! टायर झिजला तर तेवढाच बदलायचा, चाक जुनंच.

शिवाय भट्टीच्या छतात शिशाचं एक बूच असायचं. पाणी फार खाली गेलं की शिसं वितळायचं आणि तिथून वाफ जोरात भट्टीत सुटायची. म्हणजे बॉयलर फुटायच्या आत ड्रायव्हर सावध!

खेळण्यातलं, म्हणजे मॉडेलचं इंजिनही याच रीतीने टिकतं. त्यात वाफेऐवजी छोटी मोटर असते आणि वीज रुळांतून चाकांवाटे आत येते. चाकांवर मळ बसला की वीज नीट पोचत नाही आणि इंजिन अडखळतं. मऊ फडक्याने चाकं पुसा, ते पुन्हा पळेल. मोटरमधले कार्बनचे इवलेसे ब्रश झिजतात, पण चांगल्या इंजिनात ते बदलता येतात. विकत घेताना एक नक्की विचारा : आतली दातेरी चक्रं पितळेची की प्लास्टिकची? प्लास्टिकची काही वर्षांनी तडकू शकतात. आणि तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर राहील एवढंच, कारण जास्त तेलाला धूळ चिकटते. अशा गाड्या धावताना पाहायच्या असतील तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. सुट्टीत जाच.

आता वही घ्या, शकुंतलेचं मॉडेल करू. जगात सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ : खरी वस्तू सत्याऐंशी पट लहान. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. भागा ८७ ने. आले जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर! नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, म्हणजे आपलं काम सोपं झालं. पण मूर्तिजापूर ते यवतमाळ हे ११३ किलोमीटर या मापातही जवळपास एक किलोमीटर तीनशे मीटर भरतात! तेव्हा एवढ्यात सगळा मार्ग नको. कारंज्याचं स्टेशन, दोन डबे आणि कापसाच्या चार गाठी यांपासून सुरुवात करा.