दाढेचे दुखणे आणि गोळीची उधारी

दाढ ठणकायला लागते ती बहुधा रात्री, दवाखाने बंद झाल्यावर. मग घरातल्या प्रत्येकाला काही ना काही उपाय आठवतो. आजी लवंग दाढेखाली धरायला सांगते, सूनबाई मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावतात, आणि थोरले चिरंजीव औषधांच्या डब्यातून मागल्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या शोधून काढतात. लवंगेबद्दल आणि मीठपाण्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न आहे तो चिरंजीवांच्या गोळ्यांचा, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लिहून मिळणाऱ्या तशाच गोळ्यांचा.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी त्याच्या पोटात मऊ, जिवंत गर असतो. त्यात मज्जातंतू असतात, रक्तवाहिन्या असतात. कीड खोल गेली की या गराला सूज येते. भोवतीच्या टणक भिंतीमुळे सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. ही कळ अँटिबायोटिकने थांबत नाही. पुढे गर मरतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गोळीतले औषध रक्तातूनच प्रवास करते. जिथे रक्त पोहोचत नाही तिथे औषध तरी कसे पोहोचणार? मुळाशी साठलेला पू काही दिवस ओसरल्यासारखा वाटतो, पण जंतूंचे बिऱ्हाड दाताच्या आत तसेच राहते. ते हलवायचे तर रूट कॅनॉल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते, आणि पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. सगळी कामे हातांची आहेत, गोळीची नव्हेत.

बँकेच्या नोकरीत एक जुनी युक्ती फार वेळा पाहिली. कर्ज थकले की कर्जदार दुसरे कर्ज मागतो आणि त्यातून पहिल्याचे व्याज भरतो. कागदावर खाते नियमित दिसते, मुद्दल मात्र जिथल्या तिथे, आणि वर नवा बोजा. किडलेल्या दाढेवर नुसती गोळी घेणे हे असेच व्याज भरणे आहे. ठणका थांबला की माणूस डॉक्टरांनी दिलेली तारीख विसरतो, आणि काही महिन्यांनी तीच दाढ पुन्हा वसुलीला येते.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली याबाबत स्पष्ट सूचना दिल्या. प्रौढ माणसाची प्रतिकारशक्ती चांगली असेल आणि दातावर लगेच उपचार होऊ शकत असतील, तर गराच्या आणि मुळाच्या बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारखी औषधे वापरावीत. अर्थात तीही आपल्या डॉक्टरांना विचारून.

मग अँटिबायोटिक कधीच नको काय? तसे नाही. ताप आला, सूज गालावरून मानेकडे उतरू लागली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर ते लागतेच. जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरणाऱ्या अशा सुजेचे वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ साली केले. तीत श्वास कोंडू शकतो. तेव्हा घरी बसून न राहता तडक रुग्णालय गाठावे. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना दात काढण्यापूर्वी एक मात्रा देतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावे.

हे सगळे दंतवैद्यांना ठाऊक नसते असे नाही. पण खुर्चीत बसलेला माणूस म्हणतो, “परवा मुलीचे लग्न आहे, तोवर दाबून टाका.” रूट कॅनॉलचा खर्च ऐकून त्याचा चेहरा पडतो, गोळ्यांची स्ट्रिप त्या मानाने स्वस्त. कागदावर अँटिबायोटिक लिहिले नाही तर “या डॉक्टरला काही येत नाही” म्हणत तो शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही धास्ती असते ती वेगळीच. हा व्यवहार दोघांच्या संगनमताने चालतो, तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांच्या खात्यावर टाकता येत नाही.

या व्यवहाराचे बिल तिसराच भरतो. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. प्रत्येक गोळीगणिक तोंडातले आणि आतड्यातले नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात, आणि हे चिवट जंतू एका माणसापाशी थांबत नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यात दातांच्या गोळ्यांचा वाटा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण अमेरिकेत दवाखान्यांतून लिहिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी सुमारे दहावा हिस्सा दंतवैद्यांच्या कागदांवरचा असतो, म्हणजे तो नगण्य नाही.

आपल्याकडे ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. त्यांतल्या काही जालीम औषधांची विक्री केमिस्टने स्वतंत्र वहीत नोंदवावी, असे १ मार्च २०१४ पासून बंधन आहे. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ हीसुद्धा तीच सूचना. पण वही आणि रेघ औषधाच्या डब्यापर्यंत पोहोचत नाहीत. तिथे आपल्यालाच लक्ष घालावे लागते. उरलेल्या गोळ्या ठेवू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत; डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घ्याव्यात. आणि पुढच्या खेपेला खुर्चीत बसल्यावर, “डॉक्टर, अँटिबायोटिकशिवाय भागेल का?” असे विचारायला संकोच करू नये. मनातून तेच लिहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांना या प्रश्नाने बळ येईल. दाढेवर जे काम करायचे ते करून टाकावे. वाचलेली गोळी उद्या कुणा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला, कुणा शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना लागणार आहे, आणि त्या दिवशी ती चालली पाहिजे.