शोधपेटीतला हापूस

दलालाला वळसा घालून रत्नागिरीचा बागायतदार थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पेट्या पोचवू लागला, ही गोष्ट २०२०च्या टाळेबंदीपासून सगळ्यांनी वाचली आहे. कलमाखाली हसत उभा असलेला मालक, हातात मोबाइल, मागे पेट्यांची थप्पी, हा फोटोही एव्हाना पाठ झाला असेल. त्या मोबाइलच्या आत काय चाललेलं असतं, ते मात्र फोटोत येत नाही. या मंडळींच्या वेबसाइट बनवणं आणि गिऱ्हाईक गूगलवर नेमकं काय टाइप करतं याचा माग काढणं हा माझा धंदा, म्हणून ते मला बघायला मिळतं. नावं सांगणार नाही. रत्नागिरी लहान आहे आणि मला पुढच्या मोसमातही इथेच राहायचं आहे.

गूगलचं कीवर्ड प्लॅनर नावाचं साधन आहे. एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, ते त्यात दिसतं. पण जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्याला ते २०१६पासून नेमका आकडा देत नाही. ‘१ हजार ते १० हजार’ असा ऐसपैस पट्टा दाखवून मोकळं होतं. पावसकडच्या एका बागायतदारांनी हा पट्टा माझ्या खांद्यावरून वाचला, त्यातला उजवीकडचा आकडा उचलला आणि गणित मांडलं: दहा हजार माणसं, माणशी एक पेटी. तेवढा माल बागेत नव्हता, म्हणून शेजारच्या दोन बागा कराराने घ्यायची बोलणीही सुरू झाली. मी म्हटलं, “काका, शोधणारे सगळे घेणारे नसतात. निम्म्यांना नुसता भाव बघायचा असतो.” त्या वर्षी थंडी हुकली, मोहोर गळला आणि पट्ट्यातल्या डावीकडच्या आकड्याएवढ्याही पेट्या निघाल्या नाहीत. मेमध्ये काकांचा फोन आला: “बरं झालं हो, तुमच्या वेबसाइटवर कोणी आलं नाही ते!” आवाजात खरोखरचे आभार होते.

रत्नागिरी आणि देवगडमधली चुरस नव्याने सांगायला नको. भौगोलिक मानांकनासाठी कोकण कृषी विद्यापीठाचा अर्ज २००८चा, मानांकन मिळालं ऑक्टोबर २०१८मध्ये, आणि तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून. मधल्या दहा वर्षांत ‘हापूस कुणाचा’ यावर जे झालं ते पेपरात आलेलं आहे. पेपरात न आलेली एक बैठक सांगतो. एका उत्साही तरुणाने गूगल ट्रेंड्सचा आलेख पडद्यावर लावला: रत्नागिरी १००, देवगड पार तळाला. टाळ्या पडल्या. ट्रेंड्सवरचा १०० म्हणजे निवडलेल्या काळातलं त्या तुलनेतलं सर्वांत उंच टोक. माणसं किती, हे तो सांगत नाही. पण खरी गंमत पुढे होती. पठ्ठ्याने तुलना लावली होती ती ‘देवगड हापूस’ आणि नुसत्या ‘रत्नागिरी’ची. म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक बघणारे, कॉलेजचा निकाल शोधणारे, पावसाचा अंदाज विचारणारे, सगळे आमच्या बाजूने. मागच्या रांगेतून एक म्हातारे म्हणाले, “म्हणजे देवगडला रेल्वे स्टेशन नाही, एवढंच सिद्ध झालं ना?” हशा झाला, बैठक संपली. त्यानंतरच्या आठवड्यात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी तिघांनी मला हळूच सांगितलं, “आमच्या पानाच्या शीर्षकात ‘देवगड’ पण कुठेतरी बसवा.” तिकडे माझ्यासारखंच काम करणारा एक मित्र आहे. त्याला देवगडवाले ‘रत्नागिरी’ बसवायला सांगतात.

सगळ्यात महागडं भांडण मी पाहिलं ते दोन चुलत भावांचं. दोघांच्या बागांमध्ये जांभ्या दगडाचा एकच गडगा आणि दोघांची जाहिरात एकाच शब्दांवर: ‘रत्नागिरी हापूस ऑनलाइन’. गूगलच्या जाहिराती लिलावाने लागतात. त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा आणि पानाचा दर्जाही धरला जातो, पण दर्जाकडे बघायला वेळ कुणाला! सकाळी थोरल्याने बोली वाढवली की संध्याकाळपर्यंत धाकटा त्याच्यावर. शिवाय दोघेही रोज रात्री स्वतःच्या फोनवर शोधायचे आणि दुसऱ्याची जाहिरात दिसली की तिच्यावर क्लिक करायचे, त्याचे पैसे जळावेत म्हणून. (असले क्लिक गूगल बऱ्यापैकी गाळून टाकतं, हे मी दोघांनाही सांगितलं नाही. झोप लागत होती बिचाऱ्यांना.) पैसे जातात आणि ऑर्डर येत नाही, म्हणून शेवटी थोरल्याने मला बोलावलं. मी सेटिंग उघडलं. जाहिरात कुठे दाखवायची, या रकान्यात एकच नाव होतं: रत्नागिरी. पुणे नाही, ठाणे नाही, डोंबिवली नाही. धाकट्याचं खातं उघडलं तर तिथेही तेच; दोघांची खाती एकाच पोराने बसवून दिलेली. म्हणजे जिथे प्रत्येकाच्या मामाकडे नाहीतर आत्याकडे हापूसची कलमं आहेत, अशा एकमेव बाजारपेठेत हे दोघे आंबे विकायला एकमेकांवर बोली लावत होते. त्या महिन्यात जाहिरातीवरून एकच ऑर्डर आली, धाकट्याला. पत्ता गडग्याच्या पलीकडचा होता: थोरल्याने माल तपासायला एक डझन मागवले होते. एकाही फळात साका निघाला नाही, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

पान गूगलवर वर यायला महिने लागतात, तेव्हा हापूसचं पान दिवाळीआधी तयार हवं. पण त्या दिवसांत बागायतदाराचं लक्ष पालवी, थंडी आणि फवारणीकडे. मला फोन येतो तो मार्चमध्ये: “पाडव्याला पहिल्या नंबरवर पाहिजे हां.” एक जण मात्र वेळेत, ऑक्टोबरातच आले. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस उतरतो, त्याचा त्यांना भारी राग. “मलावी हापूस या शब्दावर पान लिहा आणि त्यात सांगा, की खरा आंबा आमचा.” लिहिलं. स्पर्धा जवळजवळ नव्हतीच, पान भराभर वर चढलं. अडचण एवढीच, की ते शब्द टाइप करणाऱ्याला ऐन थंडीत मलावीचाच आंबा खायचा असतो. महिनाभर यांचा फोन वाजत राहिला: “मलावीची पेटी केवढ्याला?” पहिल्या आठवड्यात ते ओरडायचे, दुसऱ्यात भाषण द्यायचे, तिसऱ्यात मला विचारू लागले, “वाशीला कोणी ओळखीचं आहे का?” मलावीतल्या त्या बागांसाठी काड्या मुळात रत्नागिरीतून गेल्या आहेत, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “मग झालं तर! आपलाच माल.”

घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांची दुखणी वेगळी. मिऱ्याकडच्या एकांनी साइटवर ‘रत्नागिरीचा प्राचीन वारसा’ असं पान केलं. थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर, सगळं नीट लिहिलं. २०२५च्या सुरुवातीला त्या पानावर अचानक गर्दी झाली. यांनी खोलीचा दर वाढवला आणि लिखाणाचं श्रेय स्वतःकडे घेतलं. मग पहिला फोन आला: भुवनेश्वरहून किती तास लागतात? ओडिशात जाजपूर जिल्ह्यात रत्नागिरी नावाचंच प्राचीन बौद्ध महाविहाराचं स्थळ आहे. तिथल्या उत्खननात बुद्धाचं भलंमोठं दगडी मस्तक सापडल्याची बातमी नुकतीच आली होती आणि शोधणारी मंडळी चुकून आमच्या किनाऱ्याला लागत होती. मालक मुरलेले. ते म्हणाले, “बुद्धाचं मस्तक नाही, पण आमच्याकडे ब्रह्मदेशचा बौद्ध राजा तीस वर्षं नजरकैदेत होता, इथेच वारला. चालेल का?” समोरच्याने विचार करून सांगतो म्हटलं.

‘नफ्याचा विषय सांगा’ म्हणत येणारी मुलं हा तर स्वतंत्र अध्याय. कर्ज, विमा, शेअर बाजार यांच्या जाहिरातींना भाव जास्त, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं. त्या रांगेत बँका आणि मोठी वृत्तपत्रं आधीच उभी आहेत, हे ठाऊक नसतं. लांज्याकडच्या एकाला २०२४च्या जूनअखेर खरी नस सापडली. महिना १,५०० रुपयांच्या लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला आणि त्याने त्याच रात्री पान लिहिलं: कागदपत्रं कोणती, वयाची अट काय, अर्ज कुठे. जुलैभर त्याच्या साइटवर नुसती झुंबड. गडी घरच्यांना लॅपटॉपवर आलेख दाखवत सुटला. एका दुपारी आई बाहेरून आली तशी तिला म्हणाला, “ये, तुझा अर्ज भरून टाकू.” आई म्हणाली, “तो केव्हाच अंगणवाडीच्या बाईंनी भरला. तू कामात होतास.”

आता ज्या पानाचा मला खराखुरा अभिमान आहे, त्याची गोष्ट. एका बागायतदाराकडे मोसमात फोन घेण्याचं काम वहिनींकडे असतं. फोनजवळ दोरीने पेन बांधलेली शाळेची दोनशे पानी वही, कोपऱ्यांवर आंब्याच्या चिकाचे काळे डाग. डाव्या पानावर ऑर्डरी आणि उजव्या पानावर लोक काय काय विचारतात ते, कारण पुन्हा पुन्हा तीच उत्तरं द्यायचा त्यांना कंटाळा आला होता. ‘पेटी आली, आता गवत काढायचं का?’ ‘हिरवा आहे, फ्रिजमध्ये ठेवू?’ ‘साका बाहेरून कळतो का?’ ‘सासूबाई म्हणतात पायरी पाठवा, आहे का?’ दादांनी मोठ्या हौसेने परदेशी साधनाची वर्गणी भरून शब्दांची यादी मागवली होती. ती मी बाजूला ठेवली आणि वहीची उजवी पानं घेऊन बसलो. ‘पेटी घरी आल्यावर’ या नावाने उत्तरं लिहिली: आढी कशी लावायची, पिकल्याशिवाय फ्रिज नको, साका फळ कापल्यावरच कळतो, बाहेरून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खाली वहिनींचा नंबर.

‘विकत घ्या’ म्हणणाऱ्या आमच्या सगळ्या पानांना मिळून जेवढे वाचक येत, त्याहून जास्त या एका पानाला आले. दादा अजून सांगतात, की हे त्या परदेशी साधनामुळे झालं. व्हायचं तेही झालंच: पुढच्या मोसमात निदान चार साइटींनी ते पान उचललं. शब्द तेच, स्वल्पविराम तेच. एकाने तर खालचा नंबर बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. तेव्हापासून त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन वहिनींना येतात. त्या आधी आढी शांतपणे समजावून सांगतात, पेटी कुणाकडून घेतली ते विचारतात, जरा थांबतात आणि वहीचं डावं पान उघडून म्हणतात, “पुढच्या वर्षी किती लिहू?”