अर्धी पृथ्वी ओलांडून आलेलं हॉटेल

मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. तिचं मूळ नाव वॉटसन हॉटेल. 1867 ते 1869 या काळात तिचा सांगाडा उभा राहिला, पण त्याचे बिडाचे खांब ओतले गेले इंग्लंडमध्ये. तिथून सुटे भाग जहाजांत भरून मुंबईला आणले आणि इथे जुळवले. सुएझ कालवा खुला झाला नोव्हेंबर 1869 मध्ये. म्हणजे हे लोखंड आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आलं. अंतर सुमारे 20,000 किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाच्या निम्मं!

आता हाच हिशोब जवळच्या लोखंडासाठी करा. चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत सुरजागड. दोन्हीकडे डोंगरच्या डोंगर लोहखनिजाचे. तिथून मुंबई साधारण हजार किलोमीटर, आणि रेल्वे 1867 मध्येच नागपूरपर्यंत पोचलेली. तरी विसाव्या भागाच्या अंतरावरचं लोखंड जमिनीतच राहिलं. खनिज इथे होतं, पण एवढं ओतकाम करणारे कारखाने इंग्लंडमध्ये होते. मला या इमारतीतली सर्वांत मोठी संख्या हे वीसपट अंतरच वाटतं.

रचनाकार होते रोलंड मेसन ऑर्डिश. पाच मजल्यांचा भार त्यांनी भिंतींवर न टाकता लोखंडी सांगाड्यावर टाकला. पाच मजले आज कुणाच्या खिजगणतीत नाहीत. पण गगनचुंबी इमारतींची आद्य मानली जाणारी शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग पूर्ण झाली 1885 मध्ये. मुंबईचा सांगाडा तिच्या सोळा वर्षं आधीचा.

भिंतीवर भार टाकला तर काय होतं, हेही शिकागोतच दिसतं. तिथल्या मोनॅडनॉक इमारतीचा 1891 मध्ये पूर्ण झालेला भाग विटांच्या भिंतींवर सोळा मजले पेलतो आणि त्यासाठी तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. अख्खी खोली भिंतीतच गेली म्हणा ना! चारच वर्षांनी जवळच्या रिलायन्स बिल्डिंगने पोलाद वापरलं आणि भिंतींच्या जागी जवळपास काचाच आल्या. तिच्या वरच्या दहा मजल्यांचा सांगाडा पंधरा दिवसांत उभा झाला. त्याआधी, 1890 मध्ये, त्याच जागेवरच्या जुन्या इमारतीचे वरचे मजले भाडेकरूंसकट स्क्रू-जॅकवर तोलून धरले होते आणि खाली नवा पाया व तळमजला बांधला होता. वर दुकानदारी चालू, खाली खोदकाम! 1999 मध्ये हीच रिलायन्स 122 खोल्यांचं हॉटेल झाली.

वॉटसनचा प्रवास नेमका उलटा. सुमारे 130 खोल्यांचं हे हॉटेल. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सव्वासहा महिने झाले होते. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्यांचे तुकडे पडले, वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडं आली. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून माणूस दगावला. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत रिकामी करायला सांगितली.

बीड ठिसूळ असतं आणि वेल्डिंगला सहज दाद देत नाही, त्यामुळे दुरुस्ती अवघड आहे, खर्चिकही. पण सुट्या भागांतून जुळवलेल्या इमारतीचा नादुरुस्त भाग नव्याने ओतून बसवता येतो. ते काम व्हावं आणि एस्प्लनेड मॅन्शनमध्ये पुन्हा पाहुणे उतरावेत.