ब्लॉकचेन : वही, नाणे आणि पहिली नोंद

'बिटकॉइन' हा शब्द आता गावच्या पारापर्यंत पोहोचला आहे. त्यामागील 'ब्लॉकचेन' हे तंत्र नेमके काय आहे आणि शेतीच्या व्यवहाराशी त्याचा संबंध कोठे येतो, याविषयी मात्र बराच संभ्रम आढळतो. ब्लॉकचेन ही नोंदवही आहे, तर बिटकॉइन हे त्या वहीत मांडले जाणारे आभासी नाणे. हा भेद ध्यानात घेतल्यास विषय सोपा होतो आणि फसवणुकीचा धोकाही कमी होतो.

नोंदवहीची रचना

बाजारात माल विकल्यावर वजन व दर यांची नोंद व्यापाऱ्याच्या वहीत होते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी येते. पुढे वाद उद्भवल्यास मूळ वही ज्याच्या ताब्यात, त्याची बाजू वरचढ ठरते. ब्लॉकचेनमध्ये त्याच वहीच्या प्रती व्यवहारातील अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी असतात. काही नोंदींचा मिळून एक गट होतो, त्यास 'ब्लॉक' म्हणतात. गटातील मजकुरावर गणिती प्रक्रिया करून ठरावीक लांबीचा संकेतांक काढला जातो, तो 'हॅश' होय. हा जणू त्या पानाच्या अंगठ्याचा ठसा. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाचा ठसा उमटवलेला असल्याने पाने साखळीसारखी जोडली जातात.

समजा, कोणी जुन्या पानावरील ४८ क्विंटलचे ८४ क्विंटल केले, तर त्या पानाचा ठसा पूर्णतः बदलतो आणि पुढील पानावरील ठशाशी जुळत नाही. इतरांच्या प्रतींमध्ये मूळ आकडा कायम असल्याने फेरफार उघडकीस येतो. बिटकॉइनच्या वहीत कोणासही सहभागी होता येते. शेतमालासाठीच्या वह्यांमध्ये सहसा उत्पादक, गोदाम, बँक, निर्यातदार अशा निवडक घटकांनाच प्रवेश असतो. अशा वहीसाठी कोणतेही नाणे विकत घ्यावे लागत नाही.

नाण्याचा जन्म

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची संकल्पना मांडण्यात आली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचा पहिला ब्लॉक तयार झाला. बँकेच्या मध्यस्थीविना पैसे पाठवता यावेत, हा त्याचा हेतू होता. या नाण्यांची कमाल संख्या २.१ कोटी निश्चित केलेली आहे. मात्र त्यांच्या मागे पीक, जमीन वा कारखाना असे काहीही नसते. किंमत सर्वस्वी मागणीवर अवलंबून असल्याने ती झपाट्याने चढते आणि तितक्याच वेगाने कोसळते. नाणे ज्या गुप्त संकेतांकाच्या आधारे खर्च करता येते, तो हरवल्यास नाणेही कायमचे गेले असे समजावे.

शेतमालाचा माग

वॉलमार्ट व आयबीएम यांनी केलेल्या चाचणीत कापलेल्या आंब्याच्या पाकिटावरून मूळ बागेचा शोध घेण्यास जुन्या पद्धतीने जवळजवळ सात दिवस लागले. ब्लॉकचेनवर तोच शोध २.२ सेकंदांत लागला. याचे महत्त्व संकटकाळी कळते. एका बागेतील माल दूषित निघाल्यास तेवढाच माल परत घेता येतो आणि इतर उत्पादकांच्या चांगल्या मालावर बालंट येत नाही. भारतात कॉफी बोर्डाने मार्च २०१९ मध्ये ब्लॉकचेनवर आधारित कॉफी बाजारपेठ प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. उत्पादक व खरेदीदार यांना जवळ आणणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

तथापि, माग काढण्यासाठी ब्लॉकचेन अनिवार्य नाही. अपेडाची 'ग्रेपनेट' प्रणाली निर्यातक्षम द्राक्षबागांची नोंदणी व अवशेष तपासणीचे अहवाल मध्यवर्ती संगणकीय नोंदींच्या आधारे सांभाळत आली आहे. सर्वांचा विश्वास असलेली एक संस्था वही राखत असेल, तर साधी प्रणालीही पुरेशी ठरते. परस्परांवर विश्वास नसलेले अनेक घटक एकाच व्यवहारात असतील, तेथे ब्लॉकचेनचा उपयोग अधिक.

पहिल्या नोंदीचे मोल

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली आणि उत्पादकांना मोठा फटका बसला. नोंदणीची व्यवस्था तेव्हाही होती. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हा घटक नव्हता. जे तपासलेच नाही, ते कोणतीही वही सांगू शकत नाही. ब्लॉकचेन लिहिलेली नोंद जपते, ती खरी होती की नाही हे ठरवत नाही. काट्यात खोट असेल, तर चुकीचे वजनच कायमचे जपले जाईल. म्हणून प्रमाणित वजनकाटे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि फवारणीची प्रामाणिक नोंद यांना पर्याय नाही.

भारतातील नियम व दक्षता

भारतात क्रिप्टो चलनास कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरील नफ्यास ३० टक्के कर लागू झाला आणि त्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया वेगळा आहे. सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्याची हमी रिझर्व्ह बँकेची असते व एक डिजिटल रुपया एक रुपयाचाच राहतो.

ब्लॉकचेनच्या नावाने कोणी प्रस्ताव घेऊन आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

• वहीत पहिली नोंद कोण करणार आणि ती कोण पडताळणार?
• नोंद चुकल्यास दुरुस्तीची सोय कोणती?
• आपल्या शेताची माहिती कोणाकोणास दिसणार?
• नोंदीमुळे दर, कर्ज वा निर्यात यांत प्रत्यक्ष लाभ कोणता?
• सहभागासाठी आपणांस नाणे विकत घ्यावे लागणार आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असल्यास तो शेतीच्या नोंदीचा नव्हे, तर सट्ट्याचा प्रस्ताव आहे, असे समजून पेरणीचा पैसा त्यापासून दूर ठेवावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मात्र प्रत्येक सभासदाची लागवड, फवारणी व काढणी यांची तारीखवार नोंद आजच सुरू करावी. साध्या वहीत नीट ठेवलेली अशी नोंद उद्या कोणत्याही प्रणालीत नेता येईल.