उड्या मारणारा रंगीत कोळी

पावसाळ्याच्या दिवसांत भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा देवघराच्या कोनाड्यांत एखादा नखाएवढा रंगीत कोळी टुणटुण उड्या मारतांना दिसतो. त्यास पाहतांच पुष्कळ घरांत केरसुणी किंवा कीटकनाशकाचा फवारा हातीं घेतला जातो. अंगावर कोळी मुतला म्हणजे फोड येतात, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. त्यांतून रंग भडक असला म्हणजे तो विषारीच असावा, असें लोकांस वाटतें. सबब या प्राण्याची नीट ओळख करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या कोळ्याची मुख्य खूण म्हणजे त्याचे डोळे. एकंदर आठ डोळ्यांपैकीं चार समोर ओळीनें असून त्यांतील मधले दोन बरेच मोठे व चकचकीत असतात. आपण जवळ गेलों म्हणजे तो अंग वळवून आपणांकडे टक लावून पाहतो. भक्ष्य धरण्यासाठीं तो जाळें विणीत नाहीं. मांजराप्रमाणें दबा धरून माशीजवळ जातो व झेप घेतो. झेपेपूर्वीं तो एक रेशमी धागा पायांखालील जागेस चिकटवितो, म्हणजे झेप चुकली तरी त्याच्या आधारानें परत चढतां येतें.

आता रंगाविषयीं. फिकट पिवळ्या अंगाची, पोटावर दोन लांब तांबड्या रेघा असलेली सुमारें एक सेंटिमीटर लांबीची कोळीण दिसली, तर ती बहुधा टेलामोनिया डिमिडिआटा या जातीची मादी समजावी. तिचा नर काळसर असून त्यावर पांढऱ्या खुणा असतात. काळ्या अंगावर मधोमध रुंद पांढरा पट्टा असलेला कोळी बहुधा प्लेक्सिपस पायकुली या जातीचा नर होय. त्याची मादी तपकिरी असते. या कुळाच्या सहा हजारांवर जाती ज्ञात आहेत आणि अद्याप नव्या सांपडतच आहेत. २०२१ सालीं ठाणें परिसरांतील एका नव्या जातीस हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असें नांव देण्यांत आलें. म्हणून नेमकी जात ठरली नाहीं तरी कूळ ओळखतां आलें, एवढें शेतकऱ्यास पुरेसें आहे.

हे कोळी माणसास घातक नाहींत. बोटांत चिरडूं लागलों तरच चावण्याचा संभव. तरीहि त्यांची बदनामी चुकत नाहीं. शौचालयाच्या बैठकीखालीं दडलेला कोळी चावून माणसें मेलीं, अशी हूल १९९९ सालीं अमेरिकेंत ई-मेलद्वारां उठली, आणि २००२ च्या सुमारास तिच्या नव्या आवृत्तींत टेलामोनियाचें नांव गोंवण्यांत आलें. ती निव्वळ थाप होती.

मग अंगावर फोड कशानें उठतात? कांहीं वेळां ती नागीण असते. पण पावसाळ्यांत पुष्कळदां त्याचें कारण पीडेरस नांवाचा एक लहान भुंगेरा असतो. हा मुंगीसारखा लांबट असून सेंटिमीटरहून किंचित् कमी भरतो. डोकें काळें, धड नारिंगी, आंखूड पंख निळसर आणि शेपटाचें टोंक काळें. रात्रीं दिव्याकडे येऊन तो अंगावर बसतो. तो चावत नाहीं. पण चिरडला गेल्यास त्याच्या शरीरांतील दाहक द्रव कातडीस लागतो व एकदोन दिवसांत चट्टे व फोड येतात. अपराध याचा, आणि मार खातो कोळी! तथापि हा भुंगेराहि भातावरील तुडतुडे खाणारा आहे, हें विसरूं नये.

म्हणून अंगावर असा भुंगेरा बसल्यास त्यास न चिरडतां फुंकून उडवावें, ती जागा साबणानें धुवावी, आणि डोळ्यास द्रव लागल्यास विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें. रात्रीं दाराजवळचे दिवे शक्य तितके कमी ठेवावे. कोळ्यास मात्र माशा मारण्याचें त्याचें काम करूं द्यावें. नकोच असल्यास पेला उपडा घालून खालून कागद सरकवावा आणि त्यास परसांत सोडावें. पण केवळ त्याच्या भीतीनें स्वयंपाकघरांत किंवा धान्याच्या कोठींत विषारी औषध फवारूं नये. निरुपद्रवी प्राण्यासाठीं आपल्याच अन्नावर विष पाडणें हा कोणत्याहि हिशेबानें तोट्याचाच व्यवहार आहे.