चकाकीला भुलू नका, टायरची निगा राखा



सोयाबीनची रास घरात आली, की दसऱ्याचे वेध लागतात. खंडेनवमीला विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या अवजारांची पूजा होते. त्याआधी धुणंपुसणं आलंच. मागच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेची बैठक घ्यायला नायगाव तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. मारुतीच्या पारासमोर एक मामा ट्रॅक्टर धुऊन उभे. शेजारी पत्र्याचा डबा, डब्यात इंजिनमधून काढलेलं जुनं काळं ऑइल आणि त्यात थोडं डिझेल. जुन्या बनियनचा बोळा त्यात बुडवायचा आणि मागच्या टायरला चोळायचा, असं काम चाललेलं.

"बघा साहेब, कसं चमकायलंय! नव्यावानी दिसायलंय का नाही?"

"दिसायलंय मामा. पण हे दरसाल लावता का?"

"दरसाल. पोळ्याला आन् दसऱ्याला. रबर मऊ राहतंय म्हणतेत."

मी खाली बसून टायर पाहिलं. रिंगजवळ बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. ऑइल जिथं साचून राहत होतं, तिथं रबर फुगून भुसभुशीत झालं होतं. नख लावलं तर नख रुतत होतं. टायर किती सालचं म्हणून विचारलं, तर तीन वर्षंही पुरी झालेली नव्हती. मागच्या दोन टायरांची जोडी घ्यायची म्हणजे दहा-दहा हजारांच्या किती गड्ड्या मोजाव्या लागतात, ते आपल्याला सांगायला नको. म्हणून या वेळी पिकाऐवजी टायरवर लिहितो आहे. विषय छोटा वाटेल, पण चुकला तर खिसा आणि जीव दोन्हींवर येणारा आहे.

तेल आणि रबराचं वैर

त्याच पारावर आम्ही एक प्रात्यक्षिक केलं. आपणही घरी करून पाहा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे सारख्या मापाचे दोन तुकडे कापले. एक पाण्याच्या बाटलीत टाकला, एक डिझेलच्या. बाटल्या मामांच्याच ओसरीवर ठेवल्या. दोन दिवसांनी मुद्दाम परत गेलो. पाण्यातला तुकडा होता तसाच होता. डिझेलमधला भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता, लांबीलाही वाढला होता आणि ओढताच तुटला. मामा बराच वेळ तो तुकडा हातात धरून होते. मग म्हणाले, "म्हंजे टायर रस्त्यानं नाही, मीच खायलो होतो की!"

कारण साधं आहे. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस हे सगळे खनिज तेलाचे प्रकार. रबर हे तेल पिऊन घेतं, फुगतं आणि त्याची ताकद जाते. वरून चमक दिसते ती चार दिवसांची. आतलं नुकसान मात्र भरून येत नाही. जळालेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि कातडीला अपायकारक पदार्थही असतात. ते हाताला लागतं, अंगणात सांडतं आणि पावसानं विहिरीकडं वाहत जातं. ते गॅरेजवाल्याकडं जमा करावं.

काही जण करडईचं तेल लावतात. घरचं आहे, म्हणून निर्धोक वाटतं. पण करडईचं तेल हवेत वाळून चिकट थर धरतं. याच गुणामुळं ते रंग तयार करायलाही वापरतात. टायरवर त्या थराला धूळ बसते आणि दोन दिवसांत टायर आधीपेक्षा घाण दिसू लागतं. खायचं तेल खायलाच ठेवावं.

टायरचं औषध टायरमध्येच असतं

आज आपण ज्या गाडीला टायरगाडी म्हणतो, त्या हवेच्या टायरचा एक जनक पशुवैद्य होता, हे आपल्याला ऐकून गंमत वाटेल. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्ट शहरात जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी हवेचं टायर केलं आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीची टायरं पांढुरकी असत. पुढं विसाव्या शतकात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळू लागले आणि टायर काळं झालं. ही काजळी शोभेसाठी नाही. तिच्यामुळं रबराला बळकटी येते आणि उन्हाचा मारा सोसतो. म्हणजे टायरचा काळेपणा आतला आहे, वरून रंग देऊन आणायचा नाही.

दुसरी गोष्ट. हवेत ओझोन नावाचा वायू थोड्या प्रमाणात असतो. तो रबराला चिरा पाडतो. त्यापासून राखण करण्यासाठी कारखान्यातच रबरात मेण आणि काही औषधी द्रव्यं घातलेली असतात. गाडी चालत राहिली, टायर दबत-उठत राहिलं, की ही द्रव्यं हळूहळू वर येतात. हवा लागून ती तपकिरी पडतात. टायर लालसर-तपकिरी दिसलं, की आपल्याला वाटतं ते जुनं झालं. खरं तर ते औषध वर आलेलं असतं. डिझेल किंवा रॉकेलनं घासलं, की नेमकं हेच औषध धुऊन जातं आणि मग चिरांना वाट मोकळी होते.

पॉलिश घ्यायचंच असेल तर कोणतं?

गाडी चांगली दिसावी असं कुणाला वाटणार नाही? घरात लग्न असतं, नवी कार आलेली असते, माळेगावच्या यात्रेला जायचं असतं. टायर पॉलिश लावूच नका, असं माझं म्हणणं नाही. कीटकनाशक घेताना जसं आपण लेबल वाचतो, तसं इथंही वाचावं. दुकानात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार पाण्यात विरघळवलेला, म्हणजे वॉटर बेस्ड. हे पॉलिश बहुधा दुधासारखं पांढरं असतं, वास सौम्य असतो आणि लावल्यावर टायर नव्यासारखं काळसर दिसतं, तेलकट झगमगत नाही. पावसानं लवकर जातं, हा त्याचा तोटा. पण रबराला ते मानवतं.

दुसरा प्रकार सॉल्व्हंटचा. हा पारदर्शक, तेलकट, थिनर किंवा पेट्रोलसारख्या वासाचा. लेबलवर सॉल्व्हंट किंवा पेट्रोलियम डिस्टिलेट असे शब्द असतात. चमक भरपूर, टिकतेही जास्त. पण त्यातलं सॉल्व्हंट वारंवार लागलं तर रबर कोरडं पडतं. सिलिकॉन हे नाव दोन्ही प्रकारांत सापडेल. सिलिकॉन स्वतः रबराचं नुकसान करत नाही. ते कशात मिसळलं आहे, हे पाहायचं.

लेबल फाटलेलं असेल, तर पेलाभर पाण्यात दोन थेंब टाका. पाण्यात मिसळून दुधाळ झालं तर पहिला प्रकार. तेलासारखं वर तरंगलं तर दुसरा. आपल्यासाठी पहिलाच बरा. स्वस्तातला उपाय हवा असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं ग्लिसरीन एक भाग आणि पाणी तीन भाग मिसळून पातळ हात फिरवावा. तेही पहिल्या पावसात धुऊन जाईल, पण रबराला काही करणार नाही.

लावायचं कसं?

पॉलिशपेक्षा धुण्याला महत्त्व जास्त. आमच्या काळ्या जमिनीची चिखलमाती टायरच्या अक्षरांत आणि रिंगच्या कडेला घट्ट बसते. तिच्यावर पॉलिश लावणं म्हणजे न अंघोळता अत्तर लावणं.

गाडी सावलीत लावा आणि टायर थंड होऊ द्या. आधी पाणी मारून चिखल फुगू द्या, मग साध्या साबणाच्या पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं किंवा ब्रशनं घासा. तारेचा ब्रश नको. स्वच्छ पाण्यानं धुऊन टायर पूर्ण वाळू द्या. ओल्या टायरवर पॉलिश धरत नाही.

पॉलिश थेट टायरवर ओतू नका. स्पंजाच्या तुकड्यावर किंवा जुन्या सुती फडक्यावर थोडंसं घ्या आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर गोलाकार पातळ हात फिरवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कोरड्या फडक्यानं उरलेलं सगळं पुसून घ्या. बहुतेक लोक हीच शेवटची पायरी सोडतात. मग गाडी सुरू झाली, की पॉलिश उडून मडगार्डवर आणि रंगावर ठिपके पडतात. ट्रॅक्टर किंवा ट्रॉली पुढं रंगवायची असेल, तर त्याआधी सिलिकॉनचं पॉलिश जवळपास वापरू नका. त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर नवा रंग तिथं धरत नाही, डोळे पडतात.

इथं चुकूनही लावू नका

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्या नक्षीवर पॉलिशचा थेंबही नको. ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमजवळ नको. क्लच-ब्रेकच्या पेडलवर, पाय ठेवायच्या पट्टीवर, स्टिअरिंगवर, मोटारसायकलच्या सीटवर नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः पोळ्याच्या सकाळी मोटारसायकलच्या टायरला हौसेनं पॉलिश लावलं. वरपासून खालपर्यंत, नक्षीसकट. नरसीकडं जाताना एका वळणावर मागचं चाक असं सरकलं, की काय झालं ते रस्त्यावर पडल्यावरच कळलं. हात महिनाभर प्लास्टरमध्ये होता. समोरून वाहन येत नव्हतं, म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. नांदेड-देगलूर रस्त्यावर हैदराबादकडं जाणाऱ्या गाड्यांची रहदारी आपण रोज पाहता. तिथं दुसरी संधी मिळेलच असं नाही.

जुनी गाडी घेताना

बाजारात जुना ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा जीप पाहायला गेलात आणि टायर झगझगीत काळी दिसली, तर आनंदू नका, सावध व्हा. जनावरांच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, रंगवून आणलेली आपण ओळखतो, दात उघडून पाहतो. टायरचेही दात पाहावे लागतात.

साबणाच्या ओल्या फडक्यानं टायर पुसा. पॉलिश निघालं, की चिरा आपोआप उघड्या पडतील. रिंगजवळ आणि नक्षीच्या खाचांत नीट पाहा. मग बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का शोधा. समजा तिथं ३५२२ असं आहे, तर ते टायर २०२२ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. मोटारीचं टायर पाच-सहा वर्षांचं झालं, की दरवर्षी जाणकाराला दाखवावं. दहा वर्षांवरचं, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, रस्त्यावर आणू नये. मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, तर ते कायद्यानंही बाद आहे. त्यासाठी खाचांत छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की समजून घ्यावं.

खरी निगा फुकटची आहे

टायरचं आयुष्य पॉलिशनं वाढत नाही. ते वाढतं योग्य हवेनं, सावलीनं आणि बेताच्या ओझ्यानं. हवा कमी असेल, तर टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त दुमडते, तापते आणि चिरते. हवा जास्त झाली, तर मधली नक्षी लवकर झिजते. ट्रॅक्टरची हवा शेतात वेगळी आणि ओझं घेऊन रस्त्यावर वेगळी लागते. कंपनीच्या पुस्तिकेतला तक्ता पाहून, टायर थंड असताना मोजून घ्यावी. हंगामात आठवड्यातून एकदा तरी हे करावं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या असणाऱ्यांनी तर विसरूच नये.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या टायरवर गोणपाट टाकलं, तरी ऊन अडतं. चार-सहा महिने वापर नसेल, तर ट्रॉलीखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचं ओझं काढावं. जादा टायर वेल्डिंग मशीन किंवा विजेच्या मोटारीजवळ ठेवू नये, तिथं ओझोन तयार होतो. खताची आणि औषधाची खोलीही टायरसाठी नाही.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना एक विनंती. गावची घंटागाडी आणि पाण्याचा टँकर हा सगळ्यांचा पैसा आहे. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला ही वाहनं धुऊनपुसून उभी करता, तेव्हा चालकाला ऑइल-डिझेलचा बोळा फिरवू देऊ नका. साबण, पाणी आणि हवा मोजायचं मीटर एवढं पुरे. वाहनाच्या नोंदवहीत टायरचा चार आकडी शिक्का आणि हवा तपासल्याची तारीख लिहून ठेवलीत, तर पुढं येणाऱ्या माणसालाही सोपं जाईल.

मामांनी त्या दिवशी टायर साबणानं दोनदा धुतलं. पडलेल्या चिरा काही बुजल्या नाहीत, त्या बुजतही नाहीत. दोन्ही मागची टायरं त्यांना पुढच्या हंगामाआधी बदलावी लागली. आपल्यावर ती पाळी येऊ देऊ नका. खंडेनवमीला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घाला, हळदकुंकू लावा, नारळ फोडा. ऑइलचा डबा मात्र दूर ठेवा.